काका आणि साडेचारशे ग्रॅम

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादं बॉनेट उघडं दिसलं आणि त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा दिसला, की समजावं, काका एसीचा गॅस भरतायत.

"एसीवाला दोन हजार मागतो. अरे, डबा पाचशेला मिळतो!" हे वाक्य ते वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ऐकवतात. डोळ्यांवर नातवाचा पोहायचा चष्मा आणि हातात भांडी घासायचे रबरी मोजे. त्यातला डावा काकू स्वयंपाकघरात शोधत असतात. हे मोजे दोन वर्षांपूर्वी आले. त्याआधी एकदा नळी काढताना गॅसचा फवारा बोटावर उडाला होता. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. बोट पांढरंफटक पडलं. तेच बोट काका आठवडाभर लोकांना दाखवत होते, "बघ, माल अस्सल आहे!"

डबा एसीच्या कमी दाबाच्या बाजूला लावायचा असतो. जास्त दाबाच्या बाजूचं तोंड ज्याने वेगळ्या मापाचं केलं, त्या इंजिनिअरला माझा रोज नमस्कार असतो. तो काकांना ओळखत असावा.

डब्याच्या नळीवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबायचं. पण काका थांबत नाहीत. छोट्या गाडीला एकूण गॅसच साधारण चार-साडेचारशे ग्रॅम लागतो आणि डबा साडेचारशेचा. उरलेला टाकायचा कसा? मग जावयाला जिलेबीचा आग्रह करावा तसा उरलेलाही गाडीच्या गळी उतरवतात. गॅस जास्त झाला की गारवा उलट कमी होतो, हे मी एकदा सांगून पाहिलं. "मग अजून एक डबा लागेल," काका म्हणाले.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. सोसायटीतल्या पोरांना घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधायला शिकवणारा हा माणूस गाडीत मात्र चार वर्षं नुसती हवा भरावी तसा गॅस भरतोय.

यंदा काकू मोजा परत न्यायला खाली आल्या. मिनिटभर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, सिलिंडरच्या नळीला लावतो तसं साबणाचं पाणी लावून बघा की."

लावलं. जिथून काका दरवर्षी गॅस भरतात, त्याच तोंडावर टपोरा बुडबुडा आला. आतला व्हॉल्व्ह गळत होता. त्यावर बसणारं काळं टोपण काकांनी पहिल्याच वर्षी काढून, हरवू नये म्हणून, एका डबीत ठेवलं होतं.

डबी कुठे आहे ते काकूंना माहीत आहे. काकांनी अजून विचारलेलं नाही.