प्रवेशाच्या खिडकीतल्या साहेबांस

साहेब,


आधी आपलं अभिनंदन. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि आपल्या खिडकीने आजवर एकाही मुलाला प्रवेश नाकारल्याची नोंद नाही. आपण नाकारत नाहीच. आपण फक्त म्हणता, "कागद पूर्ण करून या." तेही आवाज न चढवता. एवढ्या सभ्यपणे कायदा गुंडाळून ठेवणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

परवा पुलाखाली राहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला, तिच्या आईसह, आपल्याकडे घेऊन आले होते. आपण जन्मदाखला मागितलात. आई म्हणाली, नोंदच झाली नाही. आपण म्हणालात, "मग करून घ्या." किती सोपं! जन्माला वर्ष उलटलं की उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे सिग्नलवर गजरे विकणाऱ्या बाईने धंदा बुडवून कचेरीत चपला झिजवायच्या, आणि तिथला बाबू तिला पहिल्यांदा काय विचारणार? राहण्याचा पुरावा.

तो आपणही विचारलात. लाइट बिल आणा म्हणालात. साहेब, ती ज्या दिव्याखाली झोपते त्याचं बिल महापालिका भरते. झेरॉक्स चालेल? रेशनकार्ड होतं, फूटपाथ मोकळा करायला गाडी आली तेव्हा बोचक्यासकट गेलं. एक सरकारी हात कागद उचलून नेतो आणि दुसरा तोच कागद मागतो, याला आपल्याकडे समन्वय म्हणत असावेत.

आपल्या टेबलाच्या काचेखाली देवांचे फोटो आहेत, त्यांच्याशेजारी कायद्याचं कलम 14 ठेवायला जागा होईल. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं ते सांगतं. अंगणवाडीची नोंद चालते, दवाखान्याची चालते. तीही नसेल तर पालकाने लिहून दिलेलं वय चालतं. "वाचता येत नाही, पहिलीत बसवावं लागेल," हेही आपण मोठ्या काळजीने म्हणालात. कलम 4 म्हणतं, वयाला साजेशा वर्गात बसवा आणि मागे पडलेलं विशेष प्रशिक्षणाने भरून काढा. आधारकार्डाअभावी शाळाप्रवेश अडवू नये, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलं. बातमी आपल्या खिडकीपर्यंत यायला वेळ लागतोय. पत्ता चुकला असेल.

बाकीच्या सरकारला ही माणसं बरोबर सापडतात. 2011च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक फूटपाथवर फिरले आणि देशभरात 17 लाखांहून अधिक बेघर मोजून आले. लाइट बिल कुणी मागितलं नाही. बेघराला मतदार व्हायचं असेल, तर तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायला निवडणूक यंत्रणेचा माणूस रात्री येतो. वेगळा पुरावा लागत नाही. 4 जुलै 2015 ला आपल्याच राज्याने एका दिवसात शाळाबाह्य मुलं शोधली, बोटांना शाई लावली. शाई उडाली, मुलं पुलाखालीच राहिली. ठाण्यात मात्र तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळाच उभी राहिली. शाळाच पुलाखाली आल्यावर मुलांना पत्ता कोण विचारणार? केवढी ही बेशिस्त!

आपली अडचणही मला कळते. शाळेच्या संचमान्यतेत मुख्यतः आधार जुळलेले विद्यार्थी धरतात, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, पण हिशेबात सहजी येत नाही. हा नियम वरून आला, आपण केला नाही. पण वरच्या साहेबांशी भांडण्यापेक्षा नऊ वर्षांच्या मुलीला परत पाठवणं आपल्याला सोपं गेलं, एवढं खरं.

तर सोमवारी आम्ही तिघी पुन्हा येतो. आईने वय लिहून दिलं आहे, खाली अंगठा आहे. प्रवेश द्या. द्यायचा नसेल, तर या वेळी तोंडी नको. कोऱ्या कागदावर नकार लिहा, कारण लिहा, खाली नाव, हुद्दा, तारीख आणि शिक्का. पोच म्हणून एक प्रत मला द्या, दुसरी मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन देते. आपला कागदांवर एवढा विश्वास आहे, तेव्हा हा एक कागद द्यायला जड जाऊ नये.

कळावे,
खिडकीबाहेरच्या रांगेतली एक