फक्त गुरांसाठी

सुरतेत गाईला पाठ खाजवायची झाली तर सोयी भरपूर आहेत, हे आधीच मान्य करून टाकतो. विजेचा खांब आहे. खांबाशेजारी डीपीची पेटी आहे. बीआरटीएसचा कठडा आहे, मेट्रोच्या कामाभोवती ठोकलेले पत्रे आहेत आणि यातलं काहीच जवळ नसलं तर कोणाची तरी नवी कोरी गाडी उभी असतेच. यातली एकही सोय गाईंनी वापरायची बाकी ठेवलेली नाही. खांब मानेला बरा, पण गोल, त्यामुळे कड लागत नाही. कठड्याची उंची बरोबर बरगडीला येते, फक्त मागून बस आली की अर्ध्यात उठावं लागतं. पत्रे हलतात आणि वाजतात, म्हणून तरण्या गोऱ्ह्यांना ते आवडतात. सगळ्यात सुख गाडीत. आरसा कानामागे बसतो, दाराची मूठ मानेखाली येते आणि बॉनेट सकाळी थोडं गरमही असतं.

उधन्यात गेल्या आठवड्यात एक गाय अशी एका पांढऱ्या गाडीला लागली होती. डोळे अर्धे मिटलेले, जीभ किंचित बाहेर, आणि आरसा आपल्या जागेवरून हळूहळू फिरत चाललेला. तिच्या कानामागे गोचीड होते, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढे टम्म झालेले, आणि आरशाची कड बरोबर त्यांच्यावरून जात होती. गाडीचा मालक चहाचा ग्लास हातात धरून समोर उभा. हाकलावं तर चहावाल्यापासून सगळे बघतायत, आणि न हाकलावं तर गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. शेवटी त्याने ग्लास खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, ‘माताजी, हवे बस करो.’ माताजींनी बाजू बदलली.

या प्रश्नावर जगाने तोडगा काढलेला आहे, आणि तोही शंभर वर्षांपूर्वी. अमेरिकेत आयोवा वगैरे मक्याच्या मुलखात डुकरं पाळणारे शेतकरी उवांनी आणि खरजेने हैराण झाले होते. डुकराला धरून तेल चोळणं हे ज्याने केलं त्यालाच माहीत. तेव्हा कोणीतरी बिडाची एक जड पेटी ओतली, तिच्यात तेल भरलं आणि वर चाकं बसवली, अशी की त्यांचा खालचा भाग तेलात बुडालेला राहील. डुकराला खाज सुटली की ते पेटीला येऊन घासायचं. घासलं की चाक फिरायचं, चाक फिरलं की तेल वर यायचं, तेल अंगाला लागलं की उवा गुदमरायच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अशा यंत्रांवर कित्येकांनी पेटंट घेतली. चाकांचे, रुळांचे, खांबांचे असे नाना नमुने निघाले. आज तीच गंजकी यंत्रं तिथले हौशी लोक दिवाणखान्यात मांडायला विकत घेतात.

मला या यंत्राचं जे कौतुक वाटतं ते असं : त्याला मोटार नाही, वीज नाही, माणूस नाही. खाज हेच इंधन. जनावर आपल्या पायांनी येतं, आपल्या जोराने चाक फिरवतं आणि आपलं औषध आपणच लावून जातं. फॉर्म नाही, टोकन नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. सुरतेच्या रस्त्यांवर रोज किती खाज नुसती खांबांवर वाया जाते, याचा विचार केला की कोणाही नियोजनकाराला झोप लागू नये.

पुढे जगाने तेल सोडलं आणि ब्रश धरला. डेलाव्हल ही स्वीडनची कंपनी, १८८३ पासून दुधाच्या यंत्रांत आहे. तिचा झुलता ब्रश गाईने धक्का दिला की फिरतो आणि गाय बाजूला झाली की थांबतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तर गाईपुढे वजन लावलेलं फाटक ठेवलं. फाटक ढकललं तर पलीकडे कधी ताजा चारा, कधी ब्रश. वजन वाढवत गेले. २०१८ साली निष्कर्ष छापून आला की ताज्या चाऱ्यासाठी गाय जितका जोर लावते, तितकाच ती ब्रशसाठीही लावते. आमच्याकडचा गुरं राखणारा कुठलाही भरवाड हे फुकटात सांगू शकला असता, पण त्याला इंग्रजीत छापतो कोण?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. सुरतेच्या प्रत्येक झोनमध्ये एक सार्वजनिक स्वयंसेवा तेलमालिश केंद्र उघडावं, फक्त गुरांसाठी. शहराचं नाव तर झालेलंच आहे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिला नंबर आपण काढला. आता स्वच्छ शहरात खाजवणारी गाय शोभत नाही. जागेची अडचण नाही, कारण या शहरात उड्डाणपूल इतके आहेत की कुठल्या ना कुठल्या पुलाखाली सावली सापडतेच. केंद्राला नाव कामधेनू द्यावं की सुरभी, यावर दोन बैठका होतील, होऊ देत. खातमुहूर्त आणि लोकार्पण वेगवेगळ्या दिवशी ठेवावं म्हणजे नारळ दोनदा फुटतो.

पैशाचीही चिंता नको. उत्तरायणाला गाईला चारा घालण्यासाठी आपण रस्त्यात गाड्या थांबवतो. दहा रुपयांची पेंढी, तेवढंच पुण्य, आणि मागे चौकापर्यंत रांग. तोच भाव इथे लावावा. यंत्रावर क्यूआर कोड चिकटवला की झालं. अकरा रुपये स्कॅन केले की चाकावर चार थेंब, एकवीसला पाठभर, एक्कावन्नला शिंगांसह. दात्याच्या मोबाइलवर लगेच मेसेज जाईल आणि गाईबरोबरचा सेल्फी विनामूल्य. व्यापाऱ्यांच्या या गावात एवढ्यावर योजना नफ्यात गेली नाही तर मी रिंग रोडवर साडीचा एकही तागा विकत घेणार नाही.

अडचण येईल ती तेलात. गुजरातेत तेल म्हणजे सिंगतेल, आणि सिंगतेलाचा डबा हा घरगुती विषय नव्हे, राजकीय विषय आहे. शेंगदाण्याच्या गिरण्यांवाल्या बड्या मंडळींना इथे ‘तेलिया राजा’ म्हणतात ते उगाच नाही. वसतिगृहाच्या खानावळीच्या वाढीव बिलावरून कॉलेजची पोरं रस्त्यावर आली आणि १९७४ साली चिमणभाई पटेलांचं मुख्यमंत्रिपद गेलं, ही आठवण या राज्यात अजून शिळी झालेली नाही. अशा राज्यात चौकात एक उघडी पेटी सिंगतेलाने भरून ठेवायची आणि वर पाटी लावायची ‘फक्त गुरांसाठी’! पहिल्या रात्रीच तेल पेटीतून निघेल आणि सकाळी शेजारच्या गाडीवर भजी आणि खमणाच्या फोडणीत भेटेल. स्वयंसेवा म्हटली की माणूस रांगेत आधी उभा असतो.

अमेरिकेतले शेतकरी पुढे पुढे पेटीत खनिज तेल आणि इंजिनातून काढलेलं काळं तेल ओतू लागले. पुस्तकात कारण काटकसरीचं दिलेलं असतं, मला त्यात जास्त शहाणपण दिसतं. ते तेल चोरून तळण काढता येत नाही. पण ते जनावराच्या अंगाला बरं नव्हे, दूध देणाऱ्या गाईच्या तर मुळीच नव्हे. मग उरतं करंजाचं नाहीतर कडुनिंबाचं. खानदेशात गोचिडांवर हेच लावत आले. वासानेच चोर पळतील, हा वरचा फायदा.

इथवर सगळं जमलं तरी एक हरकत येणारच, आणि ती गंभीर आहे. तेलाने गोचीड मरतात. सुरतेत हे चालेल का?

हसू नका. या गावाला त्या बाबतीत इतिहास आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेच्या प्रवासाला निघाला आणि १६९६ मध्ये त्याने प्रवासवर्णन छापलं. गाई, घोडे, बकऱ्या, कुत्रे, जे म्हातारं झालं, लंगडं झालं, मालकाला नकोसं झालं, ते सगळं सांभाळणारं इथल्या वाण्यांचं इस्पितळ त्याने पाहिलं. त्याच्याजवळ आणखी एक इस्पितळ होतं, ढेकूण, पिसवा आणि तत्सम मंडळींचं. त्यांच्या जेवणाचं काय करायचं? तर अधूनमधून एखादा गरीब माणूस मजुरी देऊन आणत आणि रात्रभर त्या खाटेवर झोपवत. चावे सहन न होऊन पहाटेआधी पळून जाऊ नये म्हणून त्याला खाटेला बांधत. ओव्हिंग्टनने रंगवून सांगितलं असेल, परदेशी पाद्र्यांना ती खोड असते. पण हिशेब पाहा. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी ही पेठ दोनदा रिकामी केली, आणि दुसऱ्या स्वारीनंतर वीसेक वर्षांत हे गाव ढेकणांची पंगत मजुरीवर वाढत होतं. सुरतेच्या तिजोरीचं याहून चांगलं प्रमाणपत्र मला ठाऊक नाही.

म्हणजे आयोवाने डुक्कर वाचवायला यंत्र केलं आणि सुरतेने ढेकूण वाचवायला माणूस वापरला. दोन्हींत यंत्र कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्या कामापुरतं एवढंच की तेलमालिश केंद्राच्या टेंडरमध्ये गोचिडांच्या पुनर्वसनाचं कलम घालावं लागेल. खाटेला माणूस मिळणं आजही अवघड नाही. पांडेसऱ्यात एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे मजूर ढेकणांना ही सेवा वर्षानुवर्षं देतायत, तीही विनामोबदला, उलट खोलीचं भाडं भरून.

आता थोडं खरं बोलतो, मग पुन्हा मूळ पदावर येऊ. चावऱ्या माश्या, डास, गोचीड हा नुसत्या खाजेचा मामला नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ अशाच चावणाऱ्या किड्यांवर बसून फिरली. कच्छात गाईंचे ढीग पडले आणि महाराष्ट्रात पहिली जनावरं सापडली ती जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात. सुरतेत लिंबायत-डिंडोलीतल्या निम्म्या खानदेशी घरांचे फोन त्या ऑगस्टमध्ये गावाकडे लागलेले होते, बैल कसे आहेत एवढंच विचारायला.

त्याच वर्षी गुजरात विधानसभेने शहरांतल्या गुरांसाठी विधेयक मंजूर केलं : परवाना घ्या, टॅग लावा, नाहीतर दंड आणि कैद. गुरं पाळणारा मालधारी समाज खवळला. सप्टेंबरात त्यांनी एक दिवस दूधच विकलं नाही, आणि डिसेंबरच्या निवडणुका दिसत असलेल्या विधानसभेला एकाएकी विधेयकातल्या उणिवा दिसल्या. ते मागे. गाईने फाटक ढकललं तर कॅनडात शोधनिबंध निघतो, इथे अधिवेशन भरतं.

विधेयक गेलं तरी ढोर पार्टी आहेच. महापालिकेचा जाळीचा ट्रक निघतो, त्याच्यापुढे मोटारसायकली निघतात, मोटारसायकलींच्या पुढे गाई. ट्रक पोचतो तेव्हा चौकात शेण असतं. मग ट्रक कोपऱ्यावर मागे राहिलेली एखादी कालवड उचलतो आणि ढोर डब्ब्यात, म्हणजे कोंडवाड्यात, नेऊन टाकतो. मालक दंड भरतो, गाय परत त्याच खांबाशी येते. तेलमालिश केंद्र इथे उपयोगी पडेल, आणि सुज्ञ अधिकाऱ्याच्या हे एव्हाना ध्यानात आलंच असेल. गाईंच्या मागे ट्रक पळवायचा कशाला? खाज सुटली की ती स्वतःच येईल, अमुक वाजता, अमुक पुलाखाली, डोळे मिटून उभी राहील. यंत्रात टॅग वाचायचं उपकरण बसवलं की मालकाचं नाव, पत्ता आणि दंडाची पावती एका दमात. स्वीडनच्या कंपनीला एवढी कल्पना सुचली नव्हती.

हे सगळं मी लिंबायतच्या एका नानांना वाचून दाखवलं. शिरपूरकडचे, आयुष्य लूमवर गेलं, गावाकडे अजून एक बैलजोडी भावाकडे आहे. नानांनी चाकाची रचना लक्ष देऊन ऐकली आणि ती पसंतही केली. फक्त अडले एका ठिकाणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जुवाने घट्टे पडलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद-तूप चोळायचं आणि त्याच्या कानाशी सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’

‘मशीन तेल लाई दी,’ नाना म्हणाले, ‘पन आवतन कोन दी?’

त्रुटी मान्य करून मी लगेच सुधारणा केली आहे. कचऱ्याच्या गाडीवर भोंगा असतोच, तसलाच एक यंत्रावर बसवावा. गाय घासायला लागली की भोंग्यातून निमंत्रण वाजेल, आधी गुजरातीत, मग हिंदी, मराठी आणि उडियात : आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक दारात. जेवणाची सोय ढोर डब्ब्यात, चाऱ्याचा खर्च मालकाकडून वसूल.