पडद्यावरील अतिक्रमणे

नागलीच्या पेरणीची आणि महाविद्यालयीन प्रवेशांची घाई एकाच मुहूर्तावर येऊन ठेपते, त्या ज्येष्ठातल्या दिवसांत पेठच्या एखाद्या सेवा केंद्राच्या बाकावर बसून संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहण्याइतकी निर्वेध करमणूक साऱ्या तालुक्यात दुसरी नसावी. एकाचा जातीचा दाखला, दुसऱ्याचा उत्पन्नाचा, तिसऱ्याचा सातबारा आणि चौथ्याचा आठ-अ अशा खिडक्या केंद्रचालक तरुणाने एकीवर एक उघडलेल्या असतात. आणि आलेला ओटीपी कोणत्या खिडकीचा, व तो ज्याच्या मोबाइलवर आला तो इसम रेंजच्या शोधात कोठे गेला, याचा मेळ घालण्यास जुन्या कारकुनाचीच धारणाशक्ती लागते.

वस्तुतः 1985 साली ‘विंडोज’ प्रथम अवतरले तेव्हा हा बखेडा नव्हता. खिडक्या शेजारी शेजारी मांडल्या जात, एकीने दुसरीच्या हद्दीत शिरण्यास मज्जाव असे, आणि सरसनिरस वाटप होऊन बांध पडलेल्या भाऊहिश्श्याप्रमाणे एकीचा विस्तार झाला की दुसरीचे क्षेत्र तितकेच घटे. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीने हे बांध मोडले (झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत ते त्याआधीच मोडले होते), आणि तेव्हापासून जिची चढाई शेवटची तिचा कब्जा, हाच कायदा झाला. 1995 साली तळाशी टास्कबार येऊन दडपलेल्यांची निदान नोंद होऊ लागली. मला स्वतःला पहिली वहिवाट न्याय्य वाटते. परंतु चार खिडक्या शेजारी मांडल्या तर सातबारा वाचण्यास भिंग लागेल, हेही कबूल केले पाहिजे.

सर्वांत कपटी असतो तो इवलासा डायलॉग बॉक्स. उत्तर मिळेपर्यंत तो मूळ खिडकी गोठवून ठेवतो, आणि स्वतः मात्र दुसरीच्याच पाठीशी दडून बसतो. एके दिवशी असेच झाले: माऊसच्या प्रत्येक टिचकीला ‘ठण्ण’ असा नकार येई, बाकावरच्या एका बाबांचा उतारा काही छापला जाईना. अखेर तरुणाने आल्ट दाबून धरीत टॅब बडवला, एकेक खिडकी पुढे आणली, आणि अपराधी सापडला.

“काय म्हणतो तो?” बाबांनी विचारले.

“बदल सेव्ह करायचे का, विचारतोय.”

“कर की, सगळ्यांचे कर! पण माझा उतारा आधी छाप, जोगमोडीची गाडी लागलीय.”