हात वर करणारे

महापालिकेच्या स्थायी समितीइतके गुण्यागोविंदाने नांदणारे कुटुंब महाराष्ट्रात दुसरे नसेल. बाहेर एकमेकांची उणीदुणी काढणारे पक्ष आत येऊन बसले, की पत्रिकेवरचे विषय भराभर पुकारले जातात, ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि इतिवृत्तात बहुतेक वेळा ‘एकमताने मंजूर’ अशी नोंद पडते. मुंबईत २७ सदस्यांची, इतर महापालिकांत १६ सदस्यांची ही समिती. ठरावीक रकमेपुढचे कंत्राट तिच्या संमतीशिवाय हलत नाही. रस्ता कुणी खणायचा आणि कचरा कुणी उचलायचा, हे तिथे ठरते. ते ठरताना आपला नगरसेवक कोणत्या बाजूला होता, हे मात्र मतदाराला कळण्याची सोय नाही.

यात कुणाची लबाडी शोधू नये. मुंबई महापालिकेचा १८८८चा कायदाच सभागृहाच्या कामकाजाबद्दल सांगतो, की ठराव संमत झाल्याचे पीठासीन अधिकाऱ्याने जाहीर केले आणि तशी नोंद झाली, की तोच निर्णायक पुरावा. बाजूने किती, विरुद्ध किती, हे दाखवण्याची गरज नाही. काही सदस्यांनी तिथल्या तिथे मतविभागणी मागितली, तरच नावे लिहिली जातात. समित्यांनीही मग हीच सवय लावून घेतली. पण महापौर निवडायचा असला, की याच सभागृहात एकेक हात मोजला जातो. पक्षादेश मोडणाऱ्याचे नगरसेवकपद १९८६च्या अनर्हता कायद्याखाली जाऊ शकते. आपल्या माणसाचा हात कुठे होता हे पक्षाला कळलेच पाहिजे, आणि त्यासाठी वेळ, कागद, कारकून सगळे हजर असते. तेच मतदाराने विचारले, की कामाची घाई आडवी येते.

माहितीचा अधिकार आहे की, असे कुणी म्हणेल. आहे ना! २००५च्या त्या कायद्याचे कलम ४ सांगते, की समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळते का, हे कार्यालयाने आपणहून जाहीर करावे. जरा बारकाईने वाचावे. बैठका खुल्या ठेवा असे कलम म्हणत नाही, खुल्या आहेत का तेवढे सांगा म्हणते. ‘नाहीत’ असे प्रामाणिकपणे छापले, की पारदर्शकतेचे कर्तव्य पार पडले. आणि अर्ज, अपील करून इतिवृत्त हाती आले तरी जे नाव कुणी लिहिलेच नाही, ते दहा रुपयांच्या अर्जाने उमटत नाही.

नावे मोजत बसलात तर शहराची कामे कधी होणार, हा आक्षेप जास्त वजनदार. त्याची परीक्षा मुंबईने घेऊन झाली आहे. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक झाले आणि पुढची जवळपास चार वर्षे ना समिती, ना सभागृह. आयुक्त म्हणून प्रस्ताव आणायचा आणि प्रशासक म्हणून त्यावर मान डोलवायची. २०२५-२६चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही याच काळातला. इतके निर्भेळ एकमत कोणत्याही समितीला साधलेले नाही. वाद नाही, सभात्याग नाही, ऐनवेळचा विषय नाही. आता वेगाचे पाहू. जानेवारी २०२३मध्ये सुमारे ६,००० कोटींच्या काँक्रीट रस्त्यांची कामे दिली गेली आणि शहर विभागातल्या कंत्राटदाराचे कंत्राट महापालिकेला त्याच वर्षी रद्द करावे लागले. अडवायला एकही नगरसेवक नव्हता, तरी रस्ता अडलाच. प्रशासक चुकले असे म्हणण्यापेक्षा एवढेच म्हणावे, की हे काम कुणी अडवले, या प्रश्नाला या वेळी ‘नगरसेवकांनी’ हे तयार उत्तर उपलब्ध नव्हते.

खुलेपणा आला, की सदस्य कॅमेऱ्यासमोर नाटके करतील, असेही म्हणतात. करतील की. बंद दाराआड ती होत नाहीत असे कुणी सांगितले? तरीही या म्हणण्यात तथ्य आहे. घासाघीस, तडजोड, एखादा दर खाली आणणे, ही कामे चारचौघांत अवघड जातात. तेव्हा चर्चा हवी तर दार लावून करा, चहाही तिथेच मागवा. मत तेवढे नावानिशी लिहा. त्यासाठी इतिवृत्तात एक रकाना वाढेल.

१५ जानेवारी २०२६च्या मतदानातून आता नवे नगरसेवक सभागृहात आले आहेत. कायदा बदलण्याची वाट पाहायचे त्यांना कारण नाही. सभागृहापुढे मोठ्या खर्चाचा विषय आला, की मतविभागणी मागायला विरोधकांचे मूठभर सदस्य पुरतात. बाहेर पत्रकारांसमोर टक्केवारीच्या नावाने शंख करणाऱ्यांना आत ही मागणी सहसा सुचत नाही. कारण मतविभागणी झाली, की विरोधकांचीही नावे लिहावी लागतात, आणि नेमक्या कोणत्या कंत्राटाच्या वेळी कोण चहा प्यायला बाहेर गेले होते, तेही उघड होते.