व्हिनाईल कटरची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या अज्ञात लेखकास

सन्माननीय महोदय,



पुस्तिकेवर आपलं नाव कुठेच छापलेलं नाही. एवढा ग्रंथ लिहून कर्ता निनावी राहतो, ही विनयाची परिसीमाच म्हणायची. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. कुठून तरी आपल्यापर्यंत पोहोचेल.

प्रथम आभार. यंत्र पाण्यात बुडवू नये, हे आपण ठळक अक्षरांत बजावलंत. हलत्या ब्लेडखाली बोट घालू नये, हेही कळलं. यंत्र उतारावर ठेवू नये, हे तर चित्र काढून सांगितलंत, आणि चित्रातलं घसरणारं यंत्र फारच करुण आहे. घरी यंत्र आणून गाडीवरचे स्टिकर, दारावरच्या पाट्या आणि गणपतीच्या मखराची अक्षरं कापू पाहणाऱ्या माणसाच्या जिवाची एवढी काळजी कोण करतं हल्ली? फक्त कापायचं कसं, तेवढं राहून गेलं. तेही एका भाषेत नव्हे. पुस्तिकेतल्या सर्व भाषांत आपण एकच मौन पाळलं आहे.

आपण लिहिता, ‘यूएसबी वायर संगणकाला जोडा.’ पुढचं वाक्य, ‘आता कटिंग सुरू करा.’ या दोन वाक्यांच्या मधल्या पूर्णविरामात काय काय दडलंय, ते आपल्या वाचकांसाठी सांगून टाकतो. वायर यूएसबीची असली तरी अशा बऱ्याच यंत्रांच्या पोटात जुन्या सिरियल पद्धतीचंच बोलणं चालतं. मध्ये दुभाष्या म्हणून एक चिप असते, बहुतेकदा सीएच३४०. तिचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय संगणकाला यंत्र दिसत नाही. टाकला की ते एखादा कॉम पोर्ट म्हणून उगवतं, आणि तोच क्रमांक कटिंग सॉफ्टवेअरमध्ये निवडावा लागतो. वायर काढून शेजारच्या खाचेत लावली की हा क्रमांक बदलू शकतो; सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. बोलण्याचा वेगही दोन्हीकडे एकच हवा, पुष्कळ यंत्रांत तो ९६०० असतो. यातलं एक जरी चुकलं तरी यंत्र दिवा लावून शांत बसून राहतं. आपण यालाच ‘कमी आवाजाचे मॉडेल’ म्हटलं असावं.

यंत्राची भाषा मात्र मला आवडली. ह्यूलेट-पॅकार्डने सत्तरच्या दशकात पेननं नकाशे काढणाऱ्या प्लॉटरसाठी ती घडवली. पेन वर, पेन खाली, इकडे जा, तिकडे जा. आजही यंत्राला आपल्या हातात पेनच आहे असं वाटतं. एक मिलिमीटर म्हणजे त्याच्या हिशेबात ४० पावलं, इंचाला १०१६. सॉफ्टवेअरमध्ये वेगळा आकडा पडला की हातभर मागितलेली पाटी वीतभर निघते. हा आकडा पुस्तिकेत छापायला किती शाई लागली असती?

आता ब्लेड. इथे आपल्या प्रतिभेला बहर आला आहे: ‘ब्लेड योग्य प्रमाणात बाहेर काढा.’ योग्य म्हणजे किती, हे वाचकाच्या संस्कारांवर सोडलंत. नाइलाजानं मी नाक्यावरच्या रेडियमवाल्या काकांकडे गेलो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली आणि त्यांचं नंबरप्लेटचं काम आटलं, त्यामुळे त्यांना बोलायला वेळ होता. ते म्हणाले, “साहेब, यंत्र राहू द्या बाजूला. ब्लेडचा होल्डर हातात धरा आणि व्हिनाईलच्या तुकड्यावर ओढून बघा.” वरचं व्हिनाईल कापलं गेलं पाहिजे आणि खालच्या कागदावर फक्त ओरखडा दिसला पाहिजे. कागद फाटला तर ब्लेड जास्त बाहेर आहे. व्हिनाईल सोलताना ताणलं जात असेल तर कमी. मग यंत्रात बसवून दाब द्यायचा; साध्या व्हिनाईलला ८० ते १२० ग्रॅम बहुधा पुरतो. आधी दाब वाढवून ब्लेडची चूक झाकू नका, असंही त्यांनी बजावलं. त्यानं खालची पट्टी चिरते.

ब्लेडचं टोक मधोमध नसतं, हेही आपण लपवून ठेवलंत. ते होल्डरमध्ये मोकळं फिरतं आणि आसापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असतं. पेनमागे फरपटत जातं म्हणा ना. सॉफ्टवेअरला हे अंतर कळवलं नाही तर चौकोनाचे कोपरे गोल होतात आणि वर्तुळाची दोन टोकं एकमेकांना ओळखतच नाहीत. अंतर जास्त सांगितलं तर कोपऱ्यांना शिंगं फुटतात. म्हणून आधी छोटा चौकोन आणि वर्तुळ कापून पाहायचं. अंतर बरोबर असूनही कोपरे बिघडले, तर होल्डर उघडायचा: आत व्हिनाईलचा कपटा अडकून ब्लेडचं फिरणं थांबलेलं असतं. रोल पुढे जाताना तिरका होत असेल तर रबरी रोलर खालच्या खरखरीत पट्ट्यांवर आलेत का ते पाहावं आणि लागेल तेवढं व्हिनाईल आधीच सोडून ठेवावं. जड रोल ओढायची नोकरी यंत्राच्या मोटरला देऊ नये.

पण खरी मौज देवनागरीत आहे. ‘आईचा आशीर्वाद’ कापायला घ्या. पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्यापुरती रेघ घेऊन येतं आणि शेजाऱ्यावर थोडं चढून बसतं. छापताना हे कळत नाही. ब्लेड मात्र इमानदार. ते प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापतं. चिमट्यानं सोलायला गेलं की शिरोरेषेच्या सांध्यासांध्यातून तुकडे निघतात आणि आशीर्वादाची मोळी होते. उपाय सोपा आहे: कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये अक्षरांचे आधी कर्व्ह करायचे, मग वेल्ड मारून सगळा शब्द एकसंध करायचा आणि तोच कटिंग सॉफ्टवेअरला द्यायचा. मजकूर थेट तिथेच टाइप केला तर काही सॉफ्टवेअर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर लावतात आणि रफार खाली उतरवून त्याचा पाय मोडका र करून ठेवतात. अनुस्वाराचं टिंब तर वेल्ड करूनही एकटंच उरतं. ट्रान्सफर टेप लावण्याआधी ते जागेवर आहे ना, एवढं पाहावं.

यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. नीट सांगितलं तर ते सुरेख कापतं. तेव्हा एकच विनंती: पुढच्या आवृत्तीत घसरणाऱ्या यंत्राचं चित्र काढून त्या जागी एक पान घाला. त्यात पोर्ट, वेग, पावलं, ब्लेडची खोली, टोकाचं अंतर आणि वेल्ड एवढंच असू द्या, आणि तेवढं मराठीतही छापा. त्या पानाचं मानधन आमच्या काकांना पाठवावं. त्यांचं दुकान सोमवारी बंद असतं.

आपला,
एक सजग ग्राहक