रकानेकाका

कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत एक रकानेकाका असतात. नसले तर शेजारच्या सोसायटीतून आपणहून येतात. बँकेतून निवृत्त, सी-डॅकच्या आयएसएमवर मराठी टंकायला शिकलेले, आणि गेल्या दिवाळीपासून पायथन. "कॉलमला स्तंभ म्हणू नका. स्तंभ वर्तमानपत्रात. तक्त्यात रकानाच!" हे त्यांचं पहिलं वाक्य. नमस्कार त्यानंतर.

सोसायटीच्या तीनशे तक्रारी एक्सेलमध्ये, इंग्रजीत. वार्षिक सभेला मराठीत हव्या होत्या. दोन संध्याकाळी बसलं तर हातानं झालं असतं. काकांनी चार रात्री जागून आठ ओळींचा कोड लिहिला.

निकाल सभेच्या आधीच जिन्यात पोचला. 'बी विंग'चा ब पंख झाला होता. विषयाच्या रकान्यातल्या 'टँक'चा रणगाडा. बाहेर राहणाऱ्या एका मालकांच्या पत्त्यात गुडलक चौकाचा शुभेच्छा चौक. आणि शेऱ्याच्या रकान्यात ओळीनं नान, नान, नान.

"जेवण सोसायटीच्या खर्चानं आहे का?" सेक्रेटरींनी विचारलं.

काका खचत नाहीत. (खचणारा माणूस पायथनच्या वाटेला जातच नाही.) त्यांनी समजावलं, की रिकाम्या चौकटीला पायथनमधलं पांडास 'एन-ए-एन' म्हणतं आणि आपण तेच बावळटासारखं भाषांतराला पाठवलं. "आणि यंत्राला एकेक चौकट सुटी दिसते हो. नुसतं 'टँक' वाचून त्यानं कसं ओळखावं, आपली गच्ची आहे का नगरचं रणगाडा संग्रहालय?"

मग उपाय. तीनशे ओळींत वेगळी वाक्यं निघाली जेमतेम साठ; बाकी सगळी तीच रड. काकांनी साठांची यादी केली, समोर मराठी लिहिलं, आणि कोडला फक्त जोड्या लावायला सांगितलं.

"म्हणजे भाषांतर तुम्हीच केलंत?"

"जोड्या कोडनं लावल्या," काका जरा तुटकपणे म्हणाले.

टेबलावर मोल्सवर्थचा कोश उघडा होता, १८५७च्या आवृत्तीचा. त्यात 'लिफ्ट' कुठून असणार? तो शब्द शोधण्यात गेलेले दोन दिवस घरात कोणी काकांशी बोललं नाही. शेवटी सरकारी शब्द सापडला.

सभेत काकांनी यादी स्वतः वाचली, एकही नान न येता. टाळ्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू गुडघा धरत उठल्या.

"सगळं छान आहे. पण ते उद्वाहन कुणाचं बंद आहे ते असू दे, माझी लिफ्टची तक्रार का गाळलीत?"