शेपटी दिसली का?

अण्णांना मोर दाखवू नये. ते बघतात, "हं, छान" म्हणतात आणि दुर्बीण पुन्हा मातीकडे वळवतात. नीलपंखावर किंवा हुदहुदावर त्यांचा राग आहे असं नाही, पण जो पक्षी लांबून कुणालाही ओळखता येतो त्याच्यात त्यांना राम वाटत नाही. मातकट जमिनीवर मातकट पक्षी, तोही पाठमोरा, मधे उन्हाची झळ हलतेय, आणि पुस्तकात त्याच्यासारखे दिसणारे आणखी पाच-सहा, असं काही समोर आलं की अण्णांचा चेहरा खुलतो. असला माल मुबलक मिळतो तो वाळवंटात. म्हणून थंडी पडली की ते कच्छ नाहीतर जैसलमेर गाठतात.

अण्णांची उभी हयात ऑडिटमध्ये गेली. नोकरी सुटली, स्वभाव कुठे जाणार? पूर्वी व्हाउचर तपासायचे, आता चंडोल तपासतात. त्यांचा आवडता प्रश्न एकच: "शेपटी दिसली का?"

प्रश्नात तथ्य आहे. हिवाळ्यात थरमध्ये आणि कच्छमध्ये जागोजागी दगडावर, ढेकळावर ताठ उभे राहणारे रणगोजे, म्हणजे व्हीटइअर दिसतात. त्यातला इझाबेलाइन आणि डेझर्ट व्हीटइअरची मादी समोरून पाहिली तर दोघं सारख्याच वाळूच्या रंगाचे. खरा फरक शेपटीत. इझाबेलाइनची शेपटी बुडाशी पांढरी आणि पुढे निम्मी काळी, डेझर्टची जवळजवळ बुडापर्यंत काळी. आणि ही शेपटी नीट उघडते ती पक्षी उडाला तरच. आता पक्ष्याला उठवायचं नाही हा अण्णांचा दंडक. तो त्याच्या मर्जीने उडेल तेव्हा उडेल. तोवर जीपमधले सगळे श्वास रोखून बसणार. मागच्या सीटवर कुणी वेफर्सची पिशवी फोडली तर अण्णा मान न वळवता फक्त एक हात वर करतात, आणि वेफर खाणारा तो तोंडातच भिजू देतो.

एवढं करून पक्षी उडतो नेमका कुणीतरी शिंकल्यावर, अण्णा चष्मा पुसत असताना. मग डायरीत नोंद पडते: "व्हीटइअर, 1. शेपटी दिसली नाही." अशा नोंदींनी त्यांच्या वह्या भरल्या आहेत. बरोबरची पोरं भल्यामोठ्या लेन्सा खांद्यावर घेऊन फिरतात, फोटो मोबाइलला दाखवतात, मोबाइल नाव सांगतो, यादी वाढते. अण्णांची यादी वाढत नाही. उलट एखाद्या वर्षी जुन्या वह्या पुन्हा चाळून त्यातले दोन-तीन पक्षी ते रद्द करतात. स्वतःच्याच यादीवर हरकत काढणारा दुसरा पक्षीनिरीक्षक मला भेटलेला नाही.

गरुडांच्या बाबतीत तर विचारूच नका. बाभळीवर तपकिरी गरुड बसलाय. कुणीतरी उत्साहाने "स्टेपी ईगल!" म्हणतं. अण्णा शांतपणे विचारतात, "तोंडाची रेघ कुठपर्यंत?" चोचीच्या कडेची ती पिवळी रेघ डोळ्याच्या मध्यापर्यंत आली तर टॉनी, डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली तर स्टेपी. गरुड दोनशे मीटरवर, वाऱ्याने दुर्बीण हलतेय, आणि इथे दोन निवृत्त गृहस्थ मिलिमीटरच्या हिशेबावरून हमरीतुमरीवर आलेले. कच्छच्या छारीढंढला मी हा वाद ऐकला आहे. गरुड कंटाळून निघून गेला तरी तो चालूच होता.

जैसलमेरजवळ समच्या टेकड्यांवर सूर्यास्ताला अख्खा हिंदुस्थान लोटतो. उंट, ढोलक, सेल्फी, चहावाले. त्या गर्दीत एकच माणूस सूर्याकडे पाठ करून उभा असतो. एका उंटवाल्याने त्यांना अदबीने सांगितलं, "साब, सनसेट उधर है." अण्णा म्हणाले, "भाईसा, वो कल भी होगा," आणि वाळूवर धावणाऱ्या चंडोलाकडे बघत राहिले.

हा छंद घरातही गळ्यात दुर्बीण अडकवूनच वावरतो. भाचीसाठी स्थळ आलं. मुलगा देखणा, पगार चांगला, सगळे खूश. अण्णांनी विचारलं, "ते ठीक. शेपटी दिसली का?" जावयाने मुलीचा डबा शाळेत पोचवायला कुरकुर केली तेव्हा त्याला पखुर्डीची गोष्ट ऐकावी लागली. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर उतरून पोटाची पिसं भिजवतो आणि तेवढं पाणी घेऊन कित्येक किलोमीटरवरच्या पिल्लांकडे उडत जातो. पिल्लं त्या पिसांतून पाणी चोखतात. "वाळवंटात! आणि तुम्हाला स्कूटरवरून डबा जड होतो?" त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या पखुर्डीला सांगा, नळाचं पाणी गेलंय, जरा मोटार लावून ये म्हणावं."

अण्णा मूळ सोलापूरचे. तरुणपणी सायकलवरून नान्नजला जाऊन त्यांनी माळढोक पाहिलेला. तिथे 1979 साली अभयारण्य झालं, पण पक्षी तिथूनही जवळजवळ गेला. आता उरलेसुरले बहुतेक जैसलमेरकडे, सगळे मिळून दीडशेच्या आसपास. डेझर्ट नॅशनल पार्कात सुदासरीला तो लांबवर, गवतात मान उंचावून चालताना दिसतो, कधी दिसतही नाही. हा एकच पक्षी असा, की ज्याच्याबाबत अण्णा शेपटी, चोच, काहीच विचारत नाहीत. परतीच्या वाटेवर मात्र रस्त्याकडेच्या विजेच्या तारांकडे बघून ते बडबडत बसतात. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगाने जड, तार जवळ आल्यावर वळता येत नाही. "तारा जमिनीखालून घ्या म्हणून कोर्टाने सांगून झालं," असं ते ड्रायव्हरला ऐकवतात. तो बिचारा "हुकम" म्हणतो.

वहिनी या सहलींना येतात ते ऊन खायला. सुदोकूचं पुस्तक, लाल शाल (अण्णांच्या मते वाळवंटात गुन्हा), डिंकाच्या लाडवांचा डबा. दुर्बिणीला हात लावत नाहीत. गेल्या हिवाळ्यात जीप गवताळ पट्ट्यात उभी होती. अण्णा डावीकडच्या व्हीटइअरची शेपटी उघडण्याची वाट बघत होते. वहिनी उजवीकडे बघत म्हणाल्या, "अहो, हा इवलासा पक्षी बघा, छाती फुगवून कसा डावीकडे-उजवीकडे झुलतोय."

अण्णा वळेपर्यंत झुडपात कुणी नव्हतं.

फुगून झुलणारा म्हणजे स्टोलिच्काचा बुशचॅट. 1872 साली स्टोलिच्का नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने ज्याचं पहिलं वर्णन लिहिलं तो, जगभरातून कमी होत चाललेला, आणि ज्याच्यासाठी अण्णा वर्षानुवर्षं झुडपं धुंडाळत आहेत तो. त्यांनी तिथल्या तिथे उलटतपासणी घेतली. भुवई कशी? पांढरी. चोच? लांबशी. झुलला किती वेळा? "मोजायला मी काय ऑडिटर आहे?" सगळी उत्तरं जुळली. अण्णांनी डायरी काढली आणि लिहिलं: "स्टोलिच्का, 1. निरीक्षक: सौ." स्वतःच्या यादीत अर्थातच घेतला नाही. पाहिला नव्हता ना.

त्यानंतर जीप रोज पहाटे त्याच झुडपासमोर उभी राहू लागली. थर्मास संपले, बाकीची मंडळी गिधाडं बघायला गेली, तरी अण्णा दुर्बीण लावून बसलेले. शेवटच्या दिवशी वहिनींनी सुदोकूतून मान वर केली.

"अहो, हे झुडूप नव्हे. त्याच्या पलीकडचं."